लाल चिंधीची कुंडी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे. माझा काठ दोन ठिकाणी फुटला आहे आणि पोट एका बाजूला कलले आहे. चाकावरून उतरवताना कुंभाराचे बोट लागले, तेव्हापासून मी अशी वाकडी. मला कोणी विकत घेईना. शेवटी रोपवाटिकेच्या म्हाताऱ्या माळ्याने दहा चांगल्या कुंड्या घेतल्या आणि वर मला फुकट मागून घेतले. फुकटात आलेली मी तिथली सर्वांत मोलाची कुंडी होऊन बसले. त्याचा मला गर्व होता, हे कबूल करते.

माझ्यात कधी फूल उमलले नाही. माझ्यात होते साधे गवत आणि त्या गवताच्या मुळांत राहणारी बुरशी. नाक मुरडू नका! शिळ्या अन्नावर येते ती ही नव्हे. हिचे धागे केसाहून बारीक. ते मुळात शिरतात आणि बाहेर मातीत दूरवर पसरतात. मूळ जिथे पोचत नाही, तिथून ते पाणी आणि स्फुरदासारखे पोषण आणून देतात. बदल्यात मूळ त्यांना साखर देते. असे रोप खडकाळ जागीही तग धरते.

माळ्याने ही बुरशी जुन्या झाडीतल्या मूठभर मातीतून आणली होती. दरवर्षी तो माझे गवत कापायचा, पाणी तोडायचा आणि माती वाळली की मुळे बारीक चिरायचा. ती माती चिमूट चिमूट करून प्रत्येक बीखाली घालायचा. थोडी विरजणासारखी माझ्यातच ठेवून पुन्हा गवत पेरायचा. लोक त्याला बुरशीबुवा म्हणून चिडवायचे.

"हसा, हसा," तो म्हणायचा. "तुमची रोपं उन्हात माना टाकतील ना, तेव्हा माझ्याकडेच याल."

त्याची एक खास परीक्षा होती. तो एखादे रोप उपटायचा, बुंध्याशी धरून हलकेच झटकायचा आणि मुळांकडे बघायचा. माती मुळांना बिलगून राहिली तर म्हणायचा, "धागा धरलाय." माती सुटून पडली तर तो अख्खा ट्रे बाजूला ठेवायचा. त्याची लेक वीस वर्षे त्याच्या हाताखाली राबली, पण झटकायला त्याने तिला कधी दिले नाही. "तुझा हात जड आहे," एवढेच म्हणायचा. माझ्या गळ्यात त्याने लाल चिंधी बांधली होती. हिला कोणी हात लावायचा नाही, असा त्याचा हुकूम होता. का, ते त्याने सांगितले नाही. आपण असताना सांगायची गरज काय, असे त्याला वाटत असावे.

बापलेकीचे घर खाणीच्या राडारोड्याच्या उताराखाली होते. दर पावसाळ्यात चिखल मागच्या भिंतीपर्यंत यायचा. म्हाताऱ्याने उताराच्या एका कोपऱ्यात माझी माती घालून वाढवलेली बारा रोपे लावली होती. बाराही जगली. ते पाहून वस्तीने ठरवले, सगळा उतार झाडांखाली आणायचा. दोन हजार रोपे आमच्या रोपवाटिकेने करायची होती.

माझी माती घालून बिया पेरून झाल्या आणि म्हाताऱ्याला अर्धांगवायू झाला. उजवे अंग गेले, वाचाही गेली. तो मागच्या खोलीत पडून राहिला.

त्यानंतर पंधरा दिवसांत रोपांच्या माना कुजू लागल्या. लेक घाबरली. औषधांच्या दुकानदाराने तिला रोगावरचे औषध म्हणून बुरशीनाशक दिले आणि बजावले, "नुसतं वरून शिंपडू नका. मुळापर्यंत जाऊ द्या." तिने सगळे ट्रे भिजवले. मग उरलेल्या औषधाची बादली घेऊन माझ्याकडे आली.

"हिलापण देते बाई," ती पुटपुटली. "बाबांची एवढी जपलेली कुंडी. रोग हिच्यात शिरला तर काय तोंड दाखवू त्यांना?"

तिने दोन मग निळे पाणी माझ्यात ओतले. प्रेमाने ओतले, मित्रांनो. मला तोंड आहे, पण आवाज नाही. आत धागा धागा मरत गेला आणि मी गप्प उभी राहिले.

रोग थांबला. वरून खत मिळत होते, त्यामुळे रोपे हिरवीगार झाली. वस्तीने तिचे तोंडभरून कौतुक केले. लागवडीच्या दिवशी तिने म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून आणले. त्याने डाव्या हाताने एक रोप उपटले आणि झटकले. माती भुसभुशीत होऊन खाली पडली. मुळे पांढरी, उघडी राहिली. त्याने दुसरे झटकले, तिसरे झटकले. मग माझ्याकडे पाहिले. माझ्या लाल चिंधीवर निळा डाग होता.

"बाबा, मी हिलापण औषध दिलं," ती म्हणाली आणि बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. "द्यायचं नव्हतं का?"

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

"ताई, भरू ना गाडी?" ड्रायव्हरने विचारले. "माणसं वर खोळंबलीत."

तिने आभाळाकडे पाहिले. पाऊस सरला तर वर्ष वाया जाणार होते. रोपे तर डोळ्यांदेखत हिरवी होती. दिसते तसे नसते म्हणूनच जग फसते.

"भरा," ती म्हणाली.

उन्हाळ्यात दगडगोट्यांत ती रोपे वाळून गेली. दोन हजारांतली शंभरही उरली नाहीत. पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी उतार खाली आला. लेक तेव्हा रोपवाटिकेच्या छपराखाली ट्रे भरत होती. तीन घरांच्या मागच्या खोल्या गाडल्या गेल्या. त्यांतल्या एका खोलीत म्हातारा झोपला होता. शेजाऱ्यांनी हातांनी चिखल उपसला, पण तो जिवंत सापडला नाही.

रोपे जगली असती तर उतार थांबला असता का? मला ठाऊक नाही. मी कुंडी आहे, इंजिनिअर नव्हे. पण त्या बारा झाडांचा कोपरा जागचा हलला नाही, हे सगळ्यांनी पाहिले. तिनेही पाहिले.

दोन महिने ती इकडे फिरकली नाही. मी वाळलेले गवत घेऊन छपरामागे पडून होते. मग एके सकाळी ती त्या बारा झाडांच्या मुळांखालची माती डब्यात घेऊन आली. तिने मला घासून धुतले, ती माती भरली आणि गवत पेरले. माझेच विरजण माझ्याकडे परत आले होते. पण ते घालणारा हात तो नव्हता.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. जे जपायचे, ते का जपायचे हे वेळेवर सांगून ठेवा. आणि औषध ओतण्याआधी मुळाशी काय आहे ते विचारा, मग विचारताना कितीही लाज वाटो.

काल तिने माझ्यातले एक गवत उपटले आणि झटकले. बरीचशी माती पडली. एका मुळाच्या टोकाला मात्र चिमूटभर चिकटून राहिली. ती त्या चिमूटभर मातीकडे बघून रडली. मग डोळे पुसून तिने कामावरच्या सगळ्या बायांना हाक मारली आणि एकेकीच्या हातात मुळासकट उपटलेली गवताची एकेक काडी दिली.

"झटकून बघा," ती म्हणाली. "सगळ्यांनी शिकायचं. हात जड असला तरी चालेल."