गुरुवारचं गाढव

धाकटीचा खण रिकामा होता.

सकाळपासून मी तो पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते, जसा काही मधल्या वेळात तो आपोआप भरणार होता. चार्जर नाही, चष्म्याची डबी नाही. खिडकीतलं तिचं रोपटंही कुंडीसकट गायब. रजेवर जाणारं माणूस रोपटं घेऊन जात नाही, एवढं मला कळतं.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. आमची कंपनी म्हणजे मी, ती आणि एक फोनवाली मुलगी. औषधांच्या दुकानांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. कुठलं औषध संपत आलंय ते बघून आमची यंत्रणा रोज सकाळी घाऊक व्यापाऱ्याकडे ऑर्डरी पाठवते. दुकानदारांना गाठायचं, पटवायचं, त्यांच्या शिव्या खायच्या, हे काम माझं. आतलं सगळं तिचं. ती काम करत असताना मी तिच्या खुर्चीमागे उभी असते, कारण मला बसवत नाही. “हे असं का लिहिलंस?” हा माझा आवडता प्रश्न.

ऑफिस एका जुन्या छापखान्यात आहे. मधे लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. पूर्वी इथे प्रत्येक कंपनीचं दार बंद असायचं. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायची आणि जिन्यात भेटलं की फोन कानाला लावायचा, ही इथली रीत. शहरात मोठं काम निघालं की ते बाहेरचं कुणीतरी घेऊन जायचं, कारण आमच्यातल्या कुणाच्याच एकट्याच्या आवाक्यात ते नसायचं. एकदा वैतागून मी माझं टेबल दारातून बोळात ओढलं आणि सगळ्यांना सांगितलं, दर गुरुवारी इथे यायचं आणि आपलं काय अडलंय ते बोलायचं. बढाया मारायच्या असतील तर आपापल्या खोलीत माराव्यात.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. पहिल्याच गुरुवारी मास्तरांनी ही म्हण काढली आणि बैठकीला तेच नाव चिकटलं. मास्तर शाळांसाठी गणिताचे खेळ बनवतात आणि आमच्यात वयानं मोठे आहेत, म्हणून खडू त्यांच्या हातात. नियम सोपे. ज्याचं काम अडलं तो हरी. दुसऱ्या कंपनीतलं जे माणूस आठवडाभर त्याच्याकडे उसनं जातं ते गाढव. गाढवानं शहाणपण दाराबाहेर ठेवायचं, बसवतील तिथे बसायचं, सांगतील ते करायचं. आणि आठवडा संपला की गाढव परत. ते पळवायचं नाही.

या उसनवारीवर आम्ही उभे राहिलो. पाणीपुरवठ्याच्या मीटरचं काम निघालं तेव्हा नकाशेवालीनं गल्ल्यांचे नकाशे दिले, कॅमेरावाल्यानं आकडे वाचणारा कॅमेरा दिला, मास्तरांनी मीटर वाचणाऱ्यांना शिकवलं, हिशेबाची बाजू आम्ही सांभाळली. बाहेरच्यांना पहिल्यांदा रिकाम्या हातानं परत जावं लागलं. तेव्हापासून बोळातली दारं उघडी असतात.

धाकटी गाढव म्हणून कॅमेरावाल्याकडे गेली होती. आठवडा उलटला. “अजून थोडं राहिलंय, ताई,” म्हणाली. काल जिना चढताना मी पाहिलं, तर ती आणि कॅमेरावाला मिळून एक टेबल बोळातून नेत होते. मला बघताच तो टेबलाच्या पायाकडे निरखून बघायला लागला. चोराच्या मनात चांदणं. आणि आज हा खण.

आईला फोन लावला. धाकटी तिच्याकडेच राहते.

“तुला काही बोलली का गं ती?”

“बोलली.”

“काय?”

“ते तीच सांगेल तुला. मला मध्ये घालू नका. तुम्हा दोघींच्या मध्ये उभी राहून माझा निम्मा जन्म गेला.”

“म्हणजे तुला माहितीये.”

“जेवलीस का?” आई म्हणाली. सकाळी नऊ वाजता.

फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं. मी टेबल बोळात ओढलं, मी नियम केले, मी लोकांना भांडणं मिटवून एकत्र बसवलं, आणि माझंच माणूस पळवलं. तेही रक्ताचं. आज गुरुवारच होता. बैठकीत काय बोलायचं ते मी खोलीत येरझारा घालत ठरवून टाकलं. उसनवारी बंद. टेबल परत आत. ज्यानं त्यानं आपलं बघावं.

त्याआधी एक काम होतं. आमच्या धंद्यात माणूस सोडून गेलं की त्याचं खातं बंद करतात, म्हणजे त्याला आपल्या यंत्रणेत शिरता येत नाही. खातं बंद करायचं आणि खातं काढून टाकायचं, ही दोन बटणं शेजारीशेजारी असतात. मी दुसरं दाबलं. ‘नक्की?’ असं पडद्यावर आलं. “नक्की,” मी मोठ्यांदा म्हटलं. फोनवाली दचकली.

थोड्या वेळानं पहिला फोन आला. मग दुसरा. मग फोनवालीला हात कमी पडायला लागले.

“ताई, स्टेशनजवळचे म्हणतायत ऑर्डर गेलीच नाही. पुलापलीकडचेपण तेच. इन्सुलिन संपलंय म्हणे त्यांच्याकडचं.”

घाऊक व्यापाऱ्याची गाडी दुपारी सुटते. तिच्यात जे चढत नाही ते त्या दिवशी दुकानात येत नाही.

मी पडद्यासमोर बसले, उठले, पुन्हा बसले. मग लक्षात आलं. ऑर्डरी पाठवायचं सगळं काम धाकटीच्या खात्यावरून चालत होतं. खातं गेलं, त्याबरोबर किल्ल्या गेल्या, परवानग्या गेल्या. त्याच नावाचं नवं खातं उघडून पाहिलं. यंत्रणेनं ते ओळखलं नाही. घर चालवणाऱ्या बाईला बाहेर काढायचं आणि मग स्वयंपाक का झाला नाही म्हणून विचारायचं, तशातली ही गत. आणि काम माणसाच्या नावावर ठेवू नये, कामाच्या नावावर ठेवावं, यावर मीच नकाशेवालीला भर बैठकीत सुनावलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

धाकटीला फोन करायला हात धजेना. काय सांगणार होते? तुला पुसून टाकलं, आता ये?

तोवर बोळात खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

मी बाहेर गेले. टेबलाभोवती सगळे होते. कॅमेरावाला माझ्या समोरच बसला होता आणि चहाच्या कपात काहीतरी शोधत होता. मास्तरांनी फळ्यावर ‘कोण अडलं?’ असं लिहिलं. माझं भाषण तोंडाशी होतं. उसनवारी बंद, एवढं म्हटलं असतं तर पुढचं आपोआप आलं असतं. आतून फोनचा आवाज येत होता, एक थांबला की दुसरा.

“मी अडलेय,” मी म्हटलं. “धाकटीचं खातं मी आज सकाळी काढून टाकलं. रागानं. बंद नाही केलं, काढूनच टाकलं. ऑर्डरी तिच्या खात्यावर चालत होत्या. एकही गेलेली नाही. गाडी दुपारी सुटते.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी कॅमेरावाल्याकडे वळले. “मला माझी बहीण परत हवीये. आजच्यापुरती तरी.”

“माझ्याकडे नाहीये ती,” तो म्हणाला. “आठवडा संपला त्याच दिवशी गेली. मी नियम मोडलेला नाही, ताई.”

“मग ते टेबल?”

“टेबल तिचं. मी फक्त एका बाजूनं धरलं होतं.”

“ताई.”

आवाज माझ्या मागून आला. बोळाच्या टोकाला एक अंधारी खोली आहे. छापखाना होता तेव्हा तिथे शाईचे डबे ठेवायचे, म्हणून आम्ही तिला शाईची खोली म्हणतो. धाकटी तिच्या दारात उभी होती. खोलीत दिवा लागला होता. खिडकीत कुंडी होती.

“आज बैठकीतच सांगणार होते,” ती म्हणाली. “ते राहू दे आता. पर्यायी किल्ली आहे, बँकेच्या लॉकरची ठेवतात तशी मी वेगळी ठेवलीये. पण सगळं पुन्हा जोडायला वेळ लागेल. तोपर्यंत गाडी थांबणार नाही.”

“गाडीवाल्याचा नंबर दे,” नकाशेवाली म्हणाली. “जवळचा रस्ता आखून देते त्याला, म्हणजे उशिरा सुटला तरी चालेल. पुलापलीकडे आधी जाईल.”

“दुकानं वाटून घ्या,” मास्तर म्हणाले. ते फळा पुसायला लागलेच होते. “ज्यांचं इन्सुलिन आहे ती आधी. फोन करा, तोंडी ऑर्डर घ्या, इथे लिहा.”

मग बोळात जो गलका झाला तो मी आजवर ऐकला नव्हता. कॅमेरावाल्याची सगळी माणसं फोन कानाला लावून उभी राहिली, आणि या वेळी कुणाला टाळायला नाही. एक जण औषधाचं नाव एकेक अक्षर करून ओरडत होता. मास्तर फळ्यावर वरून खाली लिहीत गेले आणि फळा संपल्यावर भिंतीवर लिहायला लागले. फोनवाली कागद घेऊन व्यापाऱ्याच्या गोदामाकडे पळाली. दुकानदार मला ओळखतात, म्हणून सगळ्यात चिडलेले माझ्याकडे आले. मी शिव्या खाल्ल्या, माफी मागितली, ऑर्डर लिहिली आणि पुढचा फोन लावला.

मधेच राहवेना म्हणून शाईच्या खोलीत डोकावले. धाकटी आमची यंत्रणा जोडत होती. मी सवयीनं तिच्यामागे जायला निघाले आणि थबकले. मागे जागाच नव्हती. तिनं खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवली होती, इतकी चिकटून, की मागे मांजरसुद्धा उभं राहिलं नसतं.

“म्हणून असं मांडलंस?” मी विचारलं.

ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “तुझ्याकडे मी म्हातारी झाले असते तरी धाकटीच राहिले असते, ताई.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगायला तू समोर कधी असतेस? मागेच असतेस.”

राग होताच, पण तो कुणावर आहे ते आता सांगता आलं नसतं. मी बाहेर येऊन पुढचा फोन लावला.

गाडी उशिरा सुटली, पण भरून सुटली. त्यानंतर थोड्या वेळानं यंत्रणाही सुरू झाली आणि तिनं इमानेइतबारे सगळ्या ऑर्डरी दुसऱ्यांदा पाठवल्या. त्या रद्द करण्यात आणखी वेळ गेला. मग चहा आला. माझं टेबल मधोमध होतं, त्यावर कपांच्या ओल्या कडा उमटल्या होत्या, आणि ते आत ओढायचं मी ठरवलं होतं हे आठवून मला शरमल्यासारखं झालं.

“बैठक संपलेली नाही,” मास्तर म्हणाले. त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. “नवीन कंपनी आलीये, शाईच्या खोलीत. बोल बाई, तुझं काय अडलंय?”

धाकटी उभी राहिली. तिनं कागद काढला, बघितला आणि परत खिशात ठेवला.

“औषधांच्या दुकानातले फ्रिज,” ती म्हणाली. “वीज गेली, दार उघडं राहिलं, की आतलं इन्सुलिन खराब होतं आणि कुणाला कळतही नाही. ते कळवणारं एक छोटं यंत्र मी केलंय. चालतंय. पण मला दुकानात जाऊन बोलता येत नाही. ते ‘नको’ म्हणाले की मी ‘बरं’ म्हणते.” मग ती माझ्याकडे वळली. “मला एक गाढव हवंय. आठवडाभर. ‘नको’ म्हटल्यावर न हलणारं.”

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. कॅमेरावाल्याला खोकला आला.

या बोळातला प्रत्येक जण कुठे ना कुठे गाढव म्हणून जाऊन आला होता. मास्तर नकाशेवालीकडे गेले होते, नकाशेवाली कॅमेरावाल्याकडे. मी मात्र कधीच कुणाकडे गेले नव्हते. मी माणसं पाठवायचे. हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं. धाकटीला सुचलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“गाढवानं बसायचं कुठे?” मी विचारलं.

“दाखवते,” ती म्हणाली.

सोमवारी मी शाईच्या खोलीत गेले. माझी खुर्ची खोलीच्या मधोमध होती, दाराकडे पाठ करून. दुकानदारांना काय सांगायचं ते लिहून काढ, असं मला सांगण्यात आलं. मी लिहायला लागले. जरा वेळानं धाकटी तिच्या जागेवरून उठली. पावलं माझ्या मागे येऊन थांबली. मानेवर कुणाची तरी नजर असली की अक्षरसुद्धा धड येत नाही, हे मला पहिल्यांदाच कळलं.

“ताई,” ती म्हणाली, “हे असं का लिहिलंस?”

मला उठून उभं राहावंसं वाटलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले, बसून राहिले आणि का ते सांगायला लागले.