हसनाबादचं पाणी

माझं दुखणं बदनापूरला, म्हणजे सासरी, उठतं आणि हसनाबादला, म्हणजे माहेरी, पळून जातं, असं आमच्या दोन्ही घरांचं पक्कं मत होतं. खरं सांगायचं तर माझंही तेच मत होतं. त्यामुळे आता कोणाला नावं ठेवायची सोय राहिली नाही.

लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हा बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळायची नाही. भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं. माझे मालक, बिभीषण, मला जालन्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, सांधेवात सांगितला आणि गोळ्या सुरू केल्या. सासूबाईंना काही ते पटलं नाही. सांधेवात म्हाताऱ्यांना होतो आणि सव्वीस वर्षांच्या सुनेला आळस होतो, एवढं वैद्यकशास्त्र त्यांना येतं.

मग दिवस राहिले. डॉक्टरबाईंनी गोळ्या जवळजवळ बंदच केल्या. आता माझे हाल कुत्रा खाणार नाही, या काळजीने आई पाचव्या महिन्यातच येऊन मला हसनाबादला घेऊन गेली. आणि तिथं नवल झालं. महिनाभरात सूज उतरली. सातव्यात मी भाकऱ्या थापत होते, आठव्यात शेळीची धार काढत होते. आईने गल्लीभर सांगितलं, "सासरी पोरीला पिळून काढून राह्यले व्हते. हितलं पाणी मानवलं बगा तिला." मी मान डोलावली. मला छान वाटत होतं, आणि छान वाटत असताना कोण कशाला शंका काढतं?

लेक झाली, अर्पिता. ती अडीच महिन्यांची झाली तेव्हा पाळणा, झबली-टोपडी घेऊन आम्ही मायलेकी बदनापूरला आलो. आठव्या दिवशी मनगट सुजलं. दहाव्या दिवशी गुडघे. पंधराव्या दिवशी मला पोरीला पाळण्यातून उचलता येईना. ती रडायची आणि मी वाकून नुसती बघत उभी राहायची. सासूबाई यायच्या, तिला उचलून माझ्या मांडीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "माहेरी धारा काढत व्हती म्हणं. हितं आली की बरं दुखतं! लेकरू तरी उचल, बाई."

बिभीषण मध्ये बोलायचे नाहीत. स्वतःच्या आईच्या बाजूनेही नाही आणि माझ्याही नाही. त्यांना कामावर जायची घाई असायची.

मला फक्त माझ्या लेकीला माझ्या हातांनी उचलायचं होतं. म्हणून मी हट्ट धरून हसनाबादला परत गेले. चार दिवसांत बरी होईन, अशी खात्री होती. अंगणात पाय ठेवला तेव्हा अर्धी बरी झालेच होते, शपथ.

चार दिवस गेले. पंधरा गेले. तेच अंगण, तेच पाणी, आणि माझी बोटं वांग्यासारखी फुगलेली. सोळाव्या सकाळी अर्पिता रडत होती. आईने तिला उचललं आणि माझ्याकडे बघितलं. अगदी सासूबाईंसारखं बघितलं. "रेणुका, खरं सांग," ती म्हणाली, "नांदायचं न्हाई का तुला?"

तेव्हा मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं बदनापूरला कधीच वाटलं नव्हतं. तिथं निदान हसनाबाद आहे असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी आईकडून पोरीला ओढणीने अंगाशी बांधून घेतलं आणि एकटीच बसने जालन्याला गेले. डॉक्टरबाईंनी बोटं दाबून बघितली, हाताचा एक्स-रे काढायला लावला. मी त्यांना दोन गावांच्या पाण्याची सगळी कथा सांगितली. त्या हसल्या नाहीत.

"गावाचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. तुमच्या पेशी चुकून तुमच्याच सांध्यांवर धावून जातात. बाळ पोटात असताना बाईच्या अंगातले हार्मोन खूप वाढतात आणि त्या पेशींना आवरून धरतात. म्हणून बऱ्याच बायकांचं हे दुखणं त्या काळात कमी होतं. बाळंतपणानंतर हार्मोन एकदम उतरतात आणि पेशी पुन्हा उसळतात. साधारण दोन-तीन महिन्यांत. तेव्हा तुम्ही नेमक्या सासरी गेलात."

एवढंच होतं. कोणी मला पिळलं नव्हतं आणि मीही नाटक केलं नव्हतं. पण त्यांना अजून पुढचं बोलायचं होतं. बोटांची हाडं झिजायला लागली होती. अंगावर पाजताना चालतील अशा हलक्या गोळ्या आता पुरणार नव्हत्या. जोरकस गोळी सुरू करायची तर दूध तोडावं लागणार होतं, आणि गोळी चालू असेपर्यंत दुसरं मूल नाही. नाही घेतली, तर हात असेच वाकडे होत जाणार.

बसस्टँडच्या बाकावर बसून मी बिभीषणना फोन लावला आणि ऐकलं तसं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं.

"म्हंजे पोटात लेकरू असलं की बरं राहतं," ते म्हणाले. आवाज अगदी मायेचा होता. "मंग अजून एक होऊ दे की. तेवढे महिने तरी दुखणार न्हाई तुला. आईपन खूश होईल."

"आणि त्यानंतर?"

"नंतरचं नंतर बघू."

"अहो, मी गोळी सुरू करतेय. दुसरं लेकरू सध्या न्हाई."

ते म्हणाले, "आईला काय सांगू मी?"

"सांगा, रेणुका नाटक करून राह्यली," मी म्हणाले. "ते त्यांना पटतं."

फोन ठेवला. मेडिकलमधून गोळी आणली, दुधाची पावडर आणि बाटलीही आणली. हसनाबादची बस लागायला अजून अर्धा तास होता. अर्पिता जागी झाली होती, तोंड फिरवून शोधत होती. मी बाकाच्या कोपऱ्यात पाठ करून बसले, ओढणी आडवी घेतली आणि तिला शेवटचं पाजायला घेतलं. हे शेवटचं आहे, हे मला कोणाला तरी सांगायचं होतं. म्हणून मी तिलाच सांगितलं. ती पीत राहिली.