शनिवारचा समुद्र

व्हर्लिनने आपल्या डायव्हिंगच्या दुकानाबाहेरचा फळा ओल्या फडक्याने पुसला आणि खडूने लिहिले: पाणी एकोणतीस अंश. वारा मंद. लाट नाही म्हटले तरी चालेल. पाण्याखाली तीस मीटरपर्यंत स्वच्छ दिसेल. दुपारी एखादी सर.

तिचा दीर कथबर्ट बोटीवर हवेच्या टाक्या चढवत होता. तो म्हणाला,

"वहिनी, ऑगस्टात असा समुद्र! पाहुणे नशीब घेऊन आलेत."

"शनिवारपर्यंत असाच राहील," ती टोरांटोच्या जोडप्याला म्हणाली. "वादळाचा कुठे पत्ता नाही. खुशाल बुड्या मारा."

हवामानाच्या बाबतीत कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या कॅरियाकू बेटावर तिचा शब्द चालायचा. रेडिओ काहीही सांगो, आमचे कोळी आधी तिला विचारायचे. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत नवऱ्यालाही तिनेच सांगितले होते, वादळ संध्याकाळी येईल, बोट खारफुटीत नेऊन बांधायला भरपूर वेळ आहे. ते सकाळी अकरालाच आले. बोट वाचली, आल्स्टन गेला. तेव्हापासून तिला ना धड रडू आले, ना कुणाचा राग. जेवली तरी ठीक, न जेवली तरी ठीक.

बाराच्या सुमाराला सासू काठी टेकत आली आणि हुश्श करून बाकावर बसली. आयान्थाबाईंना एक्याऐंशी पूर्ण झाली होती आणि मोतीबिंदूमुळे फळा वाचता येत नव्हता.

आल्स्टनच्या कबरीचा दगड घडवून वर्ष झाले होते. तो व्हर्लिनच्या पलंगाखाली पडून होता. आमच्याकडे दगड बसेपर्यंत गेलेला माणूस काही मार्गी लागत नाही. आणि दगड बसवायचा म्हणजे बकरे आले, रम आली, ढोल आले, पलीकडच्या पिटी मार्टिनिक बेटावरून होड्या भरभरून सगेसोयरे आले. त्यासाठी समुद्र शांत हवा.

"शनिवारी कसं काय गं?" सासूने विचारले.

"वाईट आहे, आई. पूर्वेकडून मोठ्या लाटा येतायत. होड्या निघायच्या नाहीत."

"गेल्या महिन्यातही हेच म्हणालीस."

"वादळांचे दिवस आहेत. मी तरी काय करू?"

पाहुण्यांशी बोलायची त्याच आवाजात ती बोलली. खोटे बोलताना पूर्वी तिचे कान तापायचे. आता तेही होत नव्हते.

तेवढ्यात बोट धक्क्याला लागली. टोरांटोची बाई उतरता उतरताच ओरडली,

"समुद्र कसला, तळं आहे तळं! शनिवारी पुन्हा जायचं हं. असंच राहणार म्हणालात ना?"

कथबर्टने आईकडे पाहिले, वहिनीकडे पाहिले आणि टाक्या उतरवायला लागला.

पाहुणे आत जाईपर्यंत आयान्थाबाई टोपीने वारा घेत राहिल्या.

"तुझ्या सासऱ्याचा दगड मी तीन वर्षं दडवला होता," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं की सांगायचे, बकरं अजून भरलं नाही. मेलं एवढं माजलं होतं, की दारातून मावेना!"

व्हर्लिन हसली नाही. फडक्याची घडी घालत राहिली.

"वेळ आहे असं त्याला मी सांगितलं होतं, आई."

"ठाऊक आहे. जाताना माझ्या दारात थांबला होता. म्हणाला, व्हर्लिन म्हणतेय वेळ आहे, तोवर कॉफी टाक."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबले." सासूने काठी दुसऱ्या हातात घेतली. "पण पोरी, तेव्हा मी चाळिशीची होते. तीन वर्षं काढली, जमलं. आता माझ्याकडे तेवढी नाहीत."

व्हर्लिनने फडके बाकावर ठेवले. मग तिने फोन उचलून पिटी मार्टिनिकला लावला.

"शनिवारी दगड बसवतोय. वारा मंद आहे, लाट नाही. सकाळी लवकर निघा."

"नक्की ना?" पलीकडून चुलत दिराने विचारले. "बायकापोरं आहेत बरोबर."

तिने समुद्राकडे पाहिले.

"नक्की कुणालाच सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण या."