कुमुदताईंचा मागचा एक्सल

वरातीतल्या गाडीला दुसरा गिअर लागत नाही. कुमुदताईंची पांढरी कॉन्टेसा आता अशाच वरातींना लावायची, असं दिल्लीच्या मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी, म्हणजे गुणवंतांनी, परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांच्या मेव्हण्याचा लग्नाच्या गाड्यांचा धंदा होता. लांबलचक गाडी, वर झेंडूच्या माळा, पुढे बँडवाले नाचतायत आणि गाडी मुंगीच्या पावलांनी मागून येतेय. हे सगळं व्हायला एकच गोष्ट बाकी होती. गाडीचा मागचा एक्सल तिसऱ्यांदा तुटायला हवा होता.

कारण तसा शब्द कुमुदताईंनीच दिला होता, नवऱ्याला, आणि तोही सोसायटीच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये चारचौघांत. पुन्हा तुटला तर गाडी गुणवंतांच्या मेव्हण्याला. रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलून जातो, पण कुमुदताई बोललेलं मागे घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

वय सत्तावन्न. एका सरकारी ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची आठ मुख्य म्हणून. कॉन्टेसा त्यांनी घेतली ती कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी सदनातल्या जुन्या गाड्यांच्या लिलावात. मूळचं इंजिन थकलं तेव्हा मायापुरीच्या भंगारबाजारातून जपानी टर्बो इंजिन आणून बसवलं, मूळच्यापेक्षा चौपट ताकदीचं. आठवडाभर ती गाडी ऑफिसला जायची, रविवारी भाजीला जायची आणि वर्षातून दोनदा ग्रेटर नोएडाच्या पलीकडे भाड्याने घेतलेल्या धावपट्टीवर. तिथे दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि पाव मैल सरळ जो आधी पोचेल तो जिंकतो. इतकाच खेळ. पण इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांपर्यंत पोचवायचं काम एक्सलचं, आणि कॉन्टेसाचा एक्सल साहेबलोकांना डुलत डुलत विमानतळावर सोडण्यासाठी बनवलेला होता.

पहिल्यांदा तुटला तेव्हा चाक शाफ्टसकट, म्हणजे एक्सलच्या आतल्या दांड्यासकट, निघालं आणि गाडीच्या पुढे पळालं. माइकवाल्याने जाहीर केलं की चक्का पहिला आला. हसलं सगळं मैदान, पण कुमुदताईंना त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्या वेळेचं. त्या वेळी त्यांनी नवऱ्याचं ऐकलं होतं.

जयंत मंत्रालयातून निवृत्त झालेले, स्वभावाने सज्जन आणि जन्माने सावकाश. "कुमुद, क्लच हळू सोड," असं त्यांनी खिडकीत वाकून सांगितलं आणि कुमुदताईंनी हळू सोडला. चाकांनी पकडलं, सोडलं, पुन्हा पकडलं, गाडीचा मागचा भाग बेडकासारखा उड्या मारायला लागला आणि चौथ्या उडीला शाफ्ट कडाडला. हळू सोडल्यामुळेच तो तुटला, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. त्याच रागात त्यांनी गणपतीच्या मीटिंगमध्ये तो शब्द देऊन टाकला. आयुष्यभर प्रत्येकाने त्यांना हेच सांगितलं होतं. हळू बोल, हळू चाल, प्रमोशनसाठी जरा हळू घ्या मॅडम. ऐकून काय मिळालं? मोडका शाफ्ट.

म्हणून या वेळी एक्सलच बदलायचा. गाझियाबादला इक्बाल उस्तादांचं वर्कशॉप होतं. तीस वर्षं हा माणूस फक्त एक्सल बांधत आला होता. त्यांनी जुन्या जीपचा दणकट एक्सल काढून दाखवला. त्यात गाडीचं वजन बाहेरचं कवच, म्हणजे हाउसिंग, पेलतं आणि शाफ्टला फक्त फिरायचं काम, म्हणजे तुटलाच तरी चाक पळून जात नाही. कुमुदताईंना तो बघताक्षणी आवडला, फक्त तो साडेतीन इंच जास्त रुंद होता. उस्ताद म्हणाले की हाउसिंग कापू, शाफ्टही कापून वेल्ड मारू आणि आतल्या गिअरनाही वेल्ड मारून दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकू. कुमुदताईंनी तिन्हींतलं एकच कबूल केलं. हाउसिंग कापा. शाफ्ट नवे, पोलादाचे, त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे. आणि गिअर बांधायचे नाहीत, कारण चाकं एकत्र बांधली की वळताना टायर किंचाळतात, आणि ही गाडी सोमवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वळायची आहे.

उस्ताद त्या ड्रॉइंगला नक्शा म्हणत आणि हसत. पण वेल्डिंगच्या उष्णतेने हाउसिंग केसभर वाकलं ते त्या नक्शामुळेच कळलं, आणि मग ते सरळ करताना हसू जरा कमी झालं.

खरी ठिणगी पडली ती क्राउन आणि पिनियन बसवताना. ही एक्सलच्या पोटातली दोन मुख्य चाकं. त्यांचे दाते एकमेकांवर नेमके मधोमध टेकायला हवेत. उस्तादांनी हाताने फिरवून बघितलं, हाउसिंगला कान लावला आणि ठीक बसलं म्हणून सांगितलं. ते कायम कानानेच बसवत आले होते.

"कान आपके हैं उस्ताद," कुमुदताई म्हणाल्या, "टूटेगा मेरा."

दात्यांना रंग लावून फिरवायचं, म्हणजे जिथे दाते टेकतात तिथला रंग पुसला जातो आणि खूण दिसते. ड्रॉइंग ऑफिसच्या जुन्या पुस्तकांत त्यासाठी तेलात कालवलेला शेंदूर सांगितला होता. उस्तादांकडे तसलं काही नव्हतं. कुमुदताईंच्या घरी मात्र होतं.

जयंतांचा मारुती देव्हाऱ्यात होता, गावाहून आणलेला, मुठीएवढा. दर शनिवारी ते त्याला तेलशेंदूर लावत. डबी मागितल्यावर त्यांनी ती छातीशी धरली. देवाचा शेंदूर गाझियाबादच्या ग्रीसमध्ये घालायचा, हे त्यांच्या पचनी पडेना.

"अहो, ज्याने द्रोणागिरी उचलला," कुमुदताई म्हणाल्या, "त्याला चिमूटभर शेंदराचं ओझं व्हायचं नाही."

जयंतांनी डबी दिली नाही. डबी घेऊन ते स्वतःच गाझियाबादला आले, कारण देवाची वस्तू नजरेआड करायची नव्हती. ग्रीसच्या वासात रुमाल नाकाला लावून उभे राहिले. कुमुदताईंनी शेंदूर तेलात कालवला, दात्यांना लावला, चाक फिरवलं आणि बॅटरी धरली. दात्याच्या अगदी टोकावर, दोऱ्याइतकी बारीक जागा पुसली गेली होती. बाकी सगळा दाता शेंदराने लालभडक. म्हणजे चौपट ताकद त्या दोऱ्याएवढ्या जागेवर तोलली जाणार होती. पहिल्याच झेपेला दाते झडले असते.

उस्तादांनी चष्मा लावून बघितलं, पुन्हा बघितलं. मग कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पिनियन बाहेर काढलं, मागे जाड चकती घातली आणि शेंदूर मागायला हात पुढे केला. तिसऱ्या खेपेला खूण दात्याच्या बरोबर मध्यावर आली. ती सगळ्यात आधी जयंतांनी दाखवली. आयुष्यभर फायली वाचलेल्या माणसाला पुरावा समोर आला की तो ओळखता येतो.

तेवढ्यात त्यांनी उस्तादांना विचारलंच. गाडी सावकाश सोडली तर हा नक्की टिकेल ना?

"साहब," उस्ताद हात पुसत म्हणाले, "एक्सल ज़ोर से कम टूटता है, डर-डर के छोड़ने से ज़्यादा टूटता है."

परतीच्या वाटेवर डबी जयंतांच्या मांडीवर होती, आणि मयूर विहार येईपर्यंत त्यांनी तिचं झाकण चार वेळा उघडून लावलं. गेल्या वेळी एक्सल कुणाच्या सल्ल्याने तुटला हे त्यांना बहुधा या वाटेवरच उमगलं.

रविवारी सकाळी धावपट्टीवर गुणवंत मेव्हण्याला घेऊन हजर होते. मेव्हण्याने मोजायची टेप आणली होती. बॉनेटवर माळ किती लागेल ते तो मोजून घेत होता, मालकीण शेजारी उभी असताना. कुमुदताईंना असा संताप आला की हेल्मेटचा पट्टा दोनदा चुकला. माइकवाल्यालाही मागची आठवण होती. चक्का आज कुणाच्या घरी जाणार, असं त्याने विचारलं आणि मैदान पुन्हा हसलं.

गाडी रेषेजवळ आली तशी जयंत पुढे झाले. कुमुदताईंनी जबडा आवळला. आता हा माणूस वाकणार आणि पुन्हा तेच सांगणार, याची त्यांना खात्रीच होती.

जयंत खिडकीपाशी थांबलेच नाहीत. ते मागे गेले, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टानिशी धुळीत उताणे झाले आणि गाडीखाली सरकले. नवी गाडी असो की जुनी, लोक कुंकू बॉनेटला लावतात. जयंतांनी डबीतला उरलेला शेंदूर एक्सलच्या पोटाला फासला. मग बाहेर आले, पाठ मातीने माखलेली, बोटं लाल, आणि खिडकीत वाकले.

"कुमुद," ते म्हणाले, "हळू सोडू नकोस."

कुमुदताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना त्या पाण्याचाही राग आला, कारण समोर दिवे लागायला लागले होते. पिवळा, पिवळा, हिरवा. त्यांनी क्लचवरचा पाय उचलला, एकदम, पूर्ण, तीस वर्षं आवरून धरलेला. गाडीचं नाक वर झालं, मागचा भाग जमिनीत रुतल्यासारखा बसला, एकही उडी नाही, आणि कॉन्टेसा सुटली. दुसरा गिअर लागला. तिसरा लागला. मागून कडाड असा आवाज येईल म्हणून त्यांचा कान वाट बघत होता, तो आलाच नाही. शेजारची गाडी पुढे होती की मागे, हे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ती पुढे होती, असं नंतर कळलं.

परत आल्या तेव्हा रेषेवर टायरच्या दोन काळ्या पट्ट्या उमटल्या होत्या, दोन्ही सारख्या लांबीच्या. जयंत त्यांच्याशेजारी पहारा देत असल्यासारखे उभे होते. गुणवंत पुढे आले. एक्सल टिकला, अभिनंदन, पण ताई, आता सिद्ध झालं ना, या वयात आता पुरे करा, गाडीचा मान राहील अशा कामाला लावा, वगैरे बरंच बोलले. मेव्हणा टेप गुंडाळत होता.

कुमुदताईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं.

"वरात काढा की, गुणवंत," त्या म्हणाल्या. "नवरदेवाला फक्त सांगून ठेवा, घट्ट धरून बस."

आणि गाडी वळवून त्या आणखी एका फेरीसाठी रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.