खुणांना हात लावू नकोस

मी मॅक्रो बोलतोय. मॅक्रो म्हणजे कुणी साहेब नव्हे बरं का, संगणकातला सांगकाम्या. बटण दाबलं की शिकवलेलं काम करायचं, संपलं की गप्प बसायचं. मला भूक नाही, झोप नाही, आणि खरं सांगायचं तर काही वाटतही नाही.

तर एका घरात तिघं राहायची, सासू, तिचा मुलगा आणि सून. मुलगा मोठ्या दवाखान्याच्या कचेरीत टायपिंगला होता. सासू घरभर बोलत असायची, सून ऐकून घ्यायची. चौथा मी. पण मी घरात नव्हतो, कचेरीतल्या खिडकीजवळच्या संगणकात होतो.

माझा जन्म कंटाळ्यातून झाला. घरी निघालेल्या प्रत्येक पेशंटला त्या दवाखान्यात एक पत्रक देतात. काय खायचं, काय नाही. खायच्या जिनसेपुढे बरोबरची खूण, नको त्यापुढे फुली. नर्सबाई पत्रक हातात ठेवून एवढंच म्हणायच्या, "आजोबा, बरोबर दिसेल ते खा, फुली दिसेल तिकडे बघूसुद्धा नका." कुणाला वाचता येत नसे, कुणाला दिसत नसे, पण खुणा सगळ्यांना कळत.

प्रत्येक आजाराचं पत्रक वेगळं, प्रत्येक पत्रकाची फाइल वेगळी. एकदा सगळ्यांचा फॉन्ट, म्हणजे अक्षराचं वळण, बदलायचं ठरलं. मुलगा एकेक फाइल उघडून बदलत बसला. मनगट भरून आलं तेव्हा म्हणाला, "छे, हे गाढवकाम आहे. यासाठी गाढवच पाहिजे." आणि त्यानं मला घडवलं. फाइल उघड, सगळा मजकूर धर, फॉन्ट बदल, जतन कर, बंद कर, पुढची घे. पोराला कपड्यांच्या घड्या घालायला शिकवावं, तसं त्यानं मला शिकवलं.

शेवटी त्यानं एक ओळ जास्तीची घातली आणि तिच्या डोक्यावर लिहून ठेवलं, "खुणांना हात लावू नकोस."

त्याचं कारण होतं. त्या खुणा मुळात खुणा नव्हेतच. आत परक्या लिपीतली साधी अक्षरं आहेत, त्यांना खुणांच्या फॉन्टचा अंगरखा घातलाय. अंगरखा काढला की उरतात दोन जुळे भाऊ. एकाच्या डोक्यावर दोन ठिपके, दुसऱ्याच्या डोक्यावर टोपी. लांबून कोण कुठला ते ओळखू येत नाही.

पुढे एक दिवस मुलगा कामावर आला नाही. अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, बोलणं गेलं. घरी तो खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहायचा. सासूचं बोलणं आटलं. सून पोळ्या लाटायची, त्याला भरवायची, भांडी घासायची, आणि यातलं काही आपण करतोय असं तिला वाटत नसे. हे मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक की बटण दाबणारं कुणी नव्हतं.

मग खिडकीजवळच्या खुर्चीत सून येऊन बसली. नवऱ्याच्या जागी, पण तात्पुरती. काम नीट झालं तर कायम करू, असं साहेब म्हणाले होते. घर त्याच शब्दावर चाललं होतं.

असेच दिवस जात असताना वरून फर्मान आलं, सगळ्या पत्रकांना नवा फॉन्ट. सोमवारी छपाई. सुनेनं मला जागं केलं. मी खुणा सांभाळत, अक्षर न् अक्षर तपासत चाललो. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"बाई, हे गोगलगायीसारखं का चाललंय?"

"ते खुणा बघत बघत जातं, साहेब."

"कुणी सांगितलं त्याला बघायला? ही ओळ कुणाची?"

"यांची."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "हे बघा, सगळं म्हणजे सगळं. काढा ती ओळ. सोमवारी छपाई झाली की तुम्हाला कायम करायच्या कागदावर सही करतो."

तिनं ओळ पुसली. विचारलं नाही, भांडली नाही. तिच्यात तेवढी धुगधुगी नव्हती. मग मी सुसाट सुटलो. उघड, धर, बदल, जतन कर, बंद कर. जुन्या प्रती मागे ठेवायला मला कुणी शिकवलं नव्हतं. मला वाईट वाटलं? नाही. साहेबांनी वरवर पाहिलं, म्हणाले, "झकास."

शनिवारी संध्याकाळी तिनं एक पत्रक छापून घरी नेलं, सासूला साखरेचा त्रास होता म्हणून. तिथलं सगळं तिनं नंतर माझ्यासमोर बसून वॉचमनला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

सासूनं कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला. "अगं, यात केळं खायचं की नाही? माझी फुली कुठे गेली?"

"चष्मा लावा आई."

"लावलाय की! सगळीकडे एकसारखेच किडे बसलेत. तुझ्या दवाखान्याला माझा कंटाळा आला असेल तर तसं सांग."

सुनेनं कागद घेतला, आणि तिला पुसलेली ओळ आठवली. हीच पत्रकं सोमवारी छापून वॉर्डावॉर्डात जायची. किडनीच्या पेशंटनं केळं खाल्लं, हृदयाच्या पेशंटनं मीठ खाल्लं, तर? आणि नोकरी?

खुर्चीतून आवाज आला. घशात अडकलेला, ओबडधोबड. नवरा डावा हात कागदाकडे करत होता.

"खु... णा."

सासूच्या हातातला पेला खाली पडला. किती दिवसांनी बोलला, तर हे बोलला!

रविवारी सकाळी दोघी त्याला धरून कचेरीच्या दारात आल्या. वॉचमन उठून उभाच राहिला.

"दादा! अहो, किती वाट बघायला लावली! आणि वहिनी, सुट्टीच्या दिवशी?"

"दार उघडा भाऊ, सांगते."

"उघडतो हो. पण यांना जिना?"

"तू धर की एका बाजूनं," सासू म्हणाली, "मिशा कशाला वाढवल्यास एवढ्या?"

मुलगा माझ्यासमोर बसला. डाव्या हाताचं एक बोट. एकेक अक्षर शोधत, चुकत, खोडत. सून म्हणाली, "मी लिहिते, तुम्ही सांगा." त्यानं मान हलवली, नाही. मग त्याचं बोट दमलं तेव्हा त्यानंच तिचा हात धरून बटणांवर ठेवला.

युक्ती सोपी होती. ते जुळे भाऊ आपल्या लिपीत नसतातच, पत्रकात खुणांशिवाय दुसरीकडे कुठे येत नाहीत. म्हणजे ठिपकेवाला, टोपीवाला दिसेल तिथे पुन्हा अंगरखा घालायचा. दोघांनी मिळून मला ते शिकवलं. आधी फाइलींच्या प्रती काढल्या, मग सुनेनं बटण दाबलं. मी गेलो, आलो. सासूनं पडद्याला नाक लावलं. "ही बघ माझी फुली! केळ्यापुढेच बसलीय मेली."

सून हसली नाही. रडायला लागली. सगळे तिला रडू देत बसले. वॉचमननं पाणी आणलं.

सोमवारी तिनं झालं ते साहेबांना सांगितलं. साहेब खाली बघत म्हणाले, "ओळ मीच काढायला लावली होती." आणि खुणांची पत्रकं छपाईला गेली.

आता माझ्यात ती ओळ पुन्हा आहे. वाचकहो, कुणाची ओळ पुसण्याआधी तिच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. मी वाचत नाही, मी फक्त करतो.

सुनेच्या कागदावर सही झाली, ती कायम झाली. तिच्या शेजारी आणखी एक खुर्ची आलीय. सकाळी तासभर नवरा तिथे बसतो, डाव्या हातानं नवी पत्रकं जुळवतो. शब्द थोडे, पण रोज एखादा वाढतो. परवा सासूचा फोन आला तेव्हा तो सबंध वाक्य बोलला, "आई, जेवून घे, आम्ही येतोच."