खटक

फोटो काढताना फोन जो 'खटक' असा आवाज करतो, तो बंद करून हवा, एवढंच उस्तादांचं म्हणणं होतं. पण मोबाइलच्या दुकानात काउंटरपलीकडे बसलेल्या मुलीने आधी फोनकडे पाहिलं, मग त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे.

"कुणाचे फोटो काढायचेत काका, न सांगता?"

मागे उभे असलेले दोघे खुदकन हसले. उस्तादांचे कान तापले. अहो, कुणाचे कशाला, शिलाई मशीनचे! स्क्रूंचे, स्प्रिंगांचे! पण तसं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, की मशीनचे फोटो चोरून कशाला काढायचे? त्यापेक्षा म्हातारा चावट निघाला असं वाटत असेल तर खुशाल वाटू दे, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि मूग गिळून उभे राहिले. मुलीने दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि फोन काउंटरवरून त्यांच्याकडे सरकवला. हातात दिला नाही.

गोष्ट अशी होती की उस्ताद विसरायला लागले होते. नातेवाइकांचे वाढदिवस वगैरे नव्हे, ते त्यांनी जन्मात कधी लक्षात ठेवले नव्हते. बत्तीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करताना ज्याच्या जिवावर भाकरी खाल्ली, तेच नेमकं हातून निसटत होतं. मशीन उघडलं की कुठला वॉशर कशाच्या खाली होता, स्प्रिंगचा आकडा कुठल्या बाजूला होता, काही केल्या आठवायचं नाही. म्हणून प्रत्येक भाग सोडवण्याआधी ते फोटो काढून ठेवायचे. आता तुम्ही म्हणाल, यात लाजण्यासारखं काय आहे? एरवी काही नाही. पण उस्तादांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या भाचीने हेच केलं होतं. भाची म्हणजे सख्ख्या बहिणीची मुलगी. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काम शिकत होती. एक अवघड मशीन उघडताना तिने फोटो काढला, खटक आवाज झाला, आणि उस्तादांनी चार गिऱ्हाइकांदेखत तिला फैलावर घेतलं. कारागिराचं मशीन डोक्यात असतं, फोनमध्ये नाही. ज्याला फोन लागतो त्याने दुसरा धंदा बघावा, असं बरंच काही. तिने जमवलेले सगळे फोटो त्यांनी तिला तिथेच, एकेक करून पुसायला लावले. पोरगी मान खाली घालून पुसत होती आणि गिऱ्हाइकं गंमत बघत होती. त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला आणि सगळं तोंडपाठ केलं.

पूर्वी ती दुपारी जेवायला घरी जायची, तेव्हा उस्ताद फोटोंचं काम उरकून घ्यायचे. पण गेल्या महिन्यापासून तिने डबा आणायला सुरुवात केली. समोरासमोर बसून काम. खटक वाजलं की संपलं. म्हणून हा मोबाइलच्या दुकानाचा उपद्व्याप.

चार दिवस झाले. उस्ताद फोन टेबलाच्या कडेशी, तिला दिसणार नाही असा आडवा धरायचे. दुसऱ्या दिवशी भाचीने आपलं स्टूल उचलून पार कोपऱ्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ती उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत ओढणी गुंडाळून बसली आणि बोलेनाशी झाली. काहीतरी बिनसलं असेल घरी, असं उस्तादांना वाटलं. वर ती लांब बसली हे बरंच झालं, असंही वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी कपड्यांच्या कारखान्याची मालकीण ओव्हरलॉक मशीन घेऊन आली. कापडाच्या कडा शिवणारं, एकाच वेळी चार दोरे चालवणारं. पाच वाजता परत हवं, बायका खोळंबून बसल्यात, असं बजावून ती गेली. उस्तादांनी फोन दाबला, एक भाग सोडवला. फोन दाबला, दुसरा सोडवला. हात तेलाने माखलेले. तेवीस तुकडे थाळीत काढून झाल्यावर त्यांनी फोटो बघायला घेतले, तर त्या दिवसाचा एकही फोटो नव्हता.

सुया आणि स्क्रू घासून त्यांच्या बोटांची कातडी इतकी गुळगुळीत झाली होती की फोनला ती बोटं धड लागायचीच नाहीत, त्यात आज तेल. आवाज होता तेव्हा खटक झालं नाही की ते पुन्हा दाबायचे. आता आवाजच नव्हता. फोटो निघाले असं समजून ते तेवीस वेळा नुसती काच दाबत बसले होते.

अर्धा तास ते थाळीकडे बघत बसले. मान वर केली तेव्हा भाची समोर उभी होती.

"मामा, फोन दाखवा."

"कशाला?"

"मोबाइलवाली माझ्या ओळखीची आहे, तिनेच सांगितलंय मला. तुम्ही आवाज बंद करून घेतलात. चार दिवस चोरून फोन धरताय माझ्या दिशेने." तिने हात पुढे केला. "आईला सांगण्याआधी मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं उस्तादांना झालं. परक्या मुलीने काय समजायचं ते समजावं, त्यांची हरकत नव्हती. पण ही पोर त्यांच्या खांद्यावर बसून मोठी झाली होती. त्यांनी मुकाट्याने फोन पुढे केला.

ती एकेक फोटो सरकवत गेली. स्प्रिंग. वॉशर. स्क्रू. पुन्हा स्प्रिंग. ती मटकन स्टुलावर बसली आणि रडली. मग डोळे पुसून तिने थाळीकडे पाहिलं, उघड्या मशीनकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तीही कारागीरच होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

गेल्या महिन्यापासून, असं म्हणता आलं असतं. या वयात व्हायचंच, म्हणून तिने सोडूनही दिलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण चार दिवस पोरीने कसे काढले असतील, या विचाराने उस्तादांना खोटं बोलवेना.

"तुला फोटो पुसायला लावले ना, त्याच्या आधीपासून."

"मग मला का रडवलंत?"

"दुकानात कुणीतरी विसरणारं हवं होतं," उस्ताद खाली बघत म्हणाले. "म्हणजे माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं."

तिने थाळी स्वतःकडे ओढली आणि कामाला लागली. उस्तादांनी दिवा धरला. तीन तासांत तिने त्यांना एकदाही काही विचारलं नाही.

पाच वाजता मालकीण आली तेव्हा दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. तिने मशीन चालवून पाहिलं, कापडाची कड निरखली आणि खूश होऊन म्हणाली, "उस्ताद, तुमच्या हाताला तोड नाही."

भाची कोपऱ्यात हात पुसत होती.

"हिने केलंय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी उघडून बसलो होतो. मला आठवलं नाही."

मालकिणीला वाटलं ते थट्टा करतायत, म्हणून ती हसली. गिऱ्हाइकंही हसली. मग उस्तादांना तेच वाक्य पुन्हा, सगळं नीट सांगून, बोलावं लागलं.