मास्तरांच्या खिशातला स्वरतंतू

मी एक स्वरतंतू बोलतोय. म्हणजे प्रयत्न करतोय, कारण बोलायचा मला अनुभव नाही. मी प्लास्टिकचा आहे, गुलाबी, बोटाच्या पेराएवढा. कान-नाक-घशाच्या एका दवाखान्यात टेबलावर स्वरयंत्राचा मोठा नमुना आहे, त्यात डावीकडे माझी जागा. उजवीकडे माझा जुळा भाऊ. खरे स्वरतंतू एकमेकांना लागून थरथरले की आवाज निघतो म्हणे. आम्ही दोघं वर्षानुवर्षं समोरासमोर राहिलो, पण एका शब्दानं बोललो नाही.

माझा जन्म कारखान्यातला. शेजारच्या साच्यातून प्लास्टिकची हृदयं निघायची. त्यांना मागणी फार, त्यामुळे ती जरा तोऱ्यातच असायची. आमच्याकडे कोण बघतो? आवाज जाईपर्यंत घशाची आठवण कुणाला येत नाही.

माझे पहिले मालक थोरले डॉक्टर. घशाच्या कॅन्सरचा पेशंट समोर बसला की त्यांचं समजावणं अर्ध्या मिनिटात आटपायचं. ते अख्खा नमुना उचलून खणात ठेवायचे. "हे काढायचं. जीव वाचेल, आवाज जाईल. श्वास मानेतल्या भोकातून." खण बंद. आत अंधारात मी कान देऊन असायचो. बाहेर फक्त खुर्ची मागे सरकल्याचा आवाज यायचा.

ते निर्दयी नव्हते. रोगाचा एक कण मागे राहिला तर, ही धास्ती त्यांना असायची. पुढे ते नमुना उभा उघडून अर्धाच खणात ठेवू लागले. अर्धं काढू, अर्धं ठेवू. तेव्हा दरवेळी मीच खणात आणि भाऊ बाहेर हवा खात.

मग त्यांची विद्यार्थिनी त्या खुर्चीवर बसली. या डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं एकट्या मलाच उचललं. "रोग लवकर सापडला तर तोंडातून नळी घालून लेझरनं एवढंच काढता येतं. मानेला चीरसुद्धा नाही." थोरले डॉक्टर निवृत्त झाले होते, म्हणजे रोज दहाच्या ठोक्याला येऊन कोपऱ्यात पेपर वाचत बसायचे. पेपराआडून आवाज आला, "एवढंसंच?"

एके दिवशी ड्रायव्हिंग शिकवणारे एक मास्तर आले. सोबत बायको आणि दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सून. मास्तरांचा आवाज तीन महिने बसलेला.

"आम्हाला वाटलं, ओरडून बसला," मास्तरांची बायको म्हणाली. "घरात जरा शांतता होती, म्हणून कुणी तक्रार केली नाही. या सूनबाईनंच नंबर लावला."

 सूनही मास्तरांकडे गाडी शिकत होती, आणि त्यांच्या बसलेल्या आवाजातल्या "ब्रेक! अगं ब्रेक!" नंही ती अशी गोंधळायची की ब्रेक सोडून बाकी सगळं दाबायची.

तपासण्या झाल्या. डाव्या स्वरतंतूवर छोटा कॅन्सर होता. थोरल्यांनी पेपर खाली ठेवला. "पोरी, सगळं काढ. धोका कशाला?"

"सर, पहिलाच टप्पा आहे. तंतू नीट हलतोय. काढलेल्या तुकड्याच्या कडा तपासून घेऊ. त्यात रोग निघालाच, तर तुमचा खण आहेच."

मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी मुका झालो तर गाडी कशी शिकवू? लोक भिंतीत घालतील." एवढं बोलून ते उठले. दाखवायला हातात दिलेला मी त्यांच्या मुठीतच होतो, हे त्यांना घरी गेल्यावर कळलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आठ दिवस एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. मास्तरांना पाटी मिळाली. मी होतो सदऱ्याच्या खिशात. मास्तर पाटीवर रागानं ओळीच्या ओळी खरडायचे आणि बायको शांतपणे म्हणायची, "चष्मा सापडत नाहीये हो." चष्मा तिच्याच कपाळावर असायचा.

आठव्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. मुलगा कामावर, त्यामुळे शिकवायची गाडी सुनेनं काढली. मास्तर शेजारी बसले. पाटीच्या एका बाजूला मोठ्या अक्षरात 'ब्रेक', दुसऱ्या बाजूला 'क्लच'. वळणावर एका फाटकातून ट्रक रिव्हर्स घेत बाहेर निघाला. मास्तरांचा अख्ख्या आयुष्याचा शब्द घशापर्यंत आला. त्यांनी तोंड मिटलं, एका हातानं खिशावरून मला असं आवळलं की मी वाकलो, आणि दुसऱ्या हातानं पाटी उचलली. उलटी. 'क्लच'.

सुनेनं पाटीकडे पाहिलंच नव्हतं. तिनं आधीच ब्रेक दाबला होता. मास्तरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर तसाच अधांतरी.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उघडला. "कडा स्वच्छ आहेत. तपासायला मात्र येत राहायचं. आता बोला, हळू."

 मास्तरांनी दोनदा तोंड उघडून मिटलं. मग जुनं कापड फाटावं तसा आवाज आला.

"गाडी... सूनबाईनं आणली. छान चालवते."

बायकोनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लगेच काढून पुसायला लागली. "तीस वर्षांत मला असं छान नाही म्हणालात कधी!"

"तू... ब्रेक लावतेस कुठे?"

सून हसली, चांगली खळखळून. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे त्या दिवशी सगळ्यांनाच कळलं. कोपऱ्यात थोरल्या डॉक्टरांचा पेपर उघडा होता, पण पान काही उलटत नव्हतं.

मास्तरांनी ओशाळून मला टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा त्यांच्या हातात दिलं. "तुमच्यातला तुकडा मी ठेवून घेतला. हा तुम्ही न्या."

आता मी शिकवायच्या गाडीत, आरशाखाली टांगलेला असतो. मास्तरांचा आवाज खरखरीत झालाय, ओरडायला बंदी आहे. शिकणारे हल्ली लवकर शिकतात, असं सून म्हणते. तीही रविवारी शिकवते.

तुम्हाला एकच विनंती. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसला, तर घरातल्या शांततेवर खूश होऊ नका, घसा दाखवा. लवकर गेलात तर एवढंसंच जातं.

तपासणीला मास्तर मलाही खिशात घालून नेतात. नमुन्यात माझी जागा अजून रिकामीच आहे. नवा पेशंट विचारतो, "इथला डावा कुठे गेला?" डॉक्टरीणबाई काही सांगणार, एवढ्यात पेपराआडून उत्तर येतं, "तो? तो गाडी शिकवतो."